सुतकातला केस

माझ्या आईचा एकच डोळा चालतो, डावा. उजव्यात ती लहान असताना भात झोडताना काडी गेली आणि फूल पडलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. हे आधीच सांगून टाकते, कारण वर्षभर हे वाक्य मी केसपेपर काढणाऱ्यांना, नर्सना, रांगेत शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते गावाच्या नावासारखं तोंडातून आपोआप निघतं.

गाठ आली तीही डाव्याच डोळ्यावर. वरच्या पापणीच्या अगदी कडेला, मुगाच्या दाण्याएवढी, आणि मधोमध सुईनं टोचल्यासारखा एक बारीक खड्डा. आमच्या घरात दुखणंसुद्धा रिकामी जागा सोडून नेमकं कामाच्या जागी येतं.

आई किन्हवलीला राहते. मी मुरबाडला, आणि तिथून पुढे एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भाऊ ठाण्याला. आमच्यात वाटणी कधी कोणी बसून केली नाही, पण ती झालेली आहे. काळजी करण्याचं खातं त्याच्याकडे आणि नेण्या-आणण्याचं माझ्याकडे. तो फोनवर विचारतो, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि मी एसटीच्या खिडकीशी बसून खड्ड्यांतून सांगते. आईच्या भिंतीला भिंत लावून काकू राहते, माझ्या चुलत्याची बायको. दोघींचे नवरे गेले, आता दोघींचा चहा एकत्र असतो आणि भांडणंही एकमेकींशीच.

पहिल्यांदा गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि रांजणवाडी म्हणाले. थेंब दिले, गरम फडक्यानं शेकायला सांगितलं. काकूनं त्याच्या जोडीला लवंग उगाळून लावली. नंतर म्हणाली, चामखीळ असंल, घोड्याच्या शेपटीचा केस आणून बांधूया. घोडा कुठं मिळाला नाही म्हणून ते राहिलं. उन्हाळा असा गेला. गाठ जिथल्या तिथे होती.

मग शहापूर. आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे तिची तयारी लग्नाला निघाल्यासारखी असते. टाचा दगडानं घासायच्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घालायचा, ट्रंकेतलं इस्त्रीचं लुगडं काढायचं. मी मुरबाडहून पहिली गाडी धरून किन्हवलीला उतरायची, धावतपळत घरी यायची, तर ही ओट्यावर नवरीसारखी बसलेली आणि काकू तिच्या तोंडावर वाकलेली. काकूच्या बोटांना चुलीतली राख लागलेली असायची. मला वाटायचं भांडी घासता घासता उठून आली असेल. मी दारातूनच ओरडायची, "चल गो, गाडी जाईल!" माझं लक्ष रस्त्याकडे. वर्षभर माझं लक्ष रस्त्याकडेच होतं.

शहापूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी पापणी उलटी करून बघितली. म्हणाले, तेलाची ग्रंथी तुंबलीय, छोटीशी चीर देऊन साफ करू. केलं. डोळ्यावर पट्टी लावली आणि उद्या काढा म्हणाले. चांगल्या डोळ्यावर पट्टी म्हटल्यावर त्या दिवशी आई पूर्ण आंधळी. शहापूरच्या स्टँडवर ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती आणि लोक वाट करून देत होते. गाडीत बसल्यावर फक्त विचारलं, "आसनगावचा फाटा गेला काय?" फाटा तर उलट्या बाजूला. मी म्हटलं, "आपण किन्हवलीच्या गाडीत आहोत गो." ती "हां हां" म्हणाली आणि पुढची दांडी घट्ट धरून बसली.

मी तिला काकूच्या ताब्यात देऊन संध्याकाळच्या गाडीनं मुरबाडला परतले. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. पट्टी काकूनं काढली.

दिवाळीपर्यंत गाठ परत उभी. तशीच, त्याच जागी, मधल्या खड्ड्यासकट. मला तेव्हा भीती वाटली असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, पहिल्यांदा कंटाळा आला. किरकोळ रजा संपत आली होती. आता कोणत्या गाडीनं, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या खिडकीपुढे, एवढंच डोक्यात आलं. भीती मागून आली.

कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात आम्हाला एक तरुण डॉक्टर मॅडम मिळाल्या. चांगल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. आईची हनुवटी यंत्रावर टेकवून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला बाजूला घेतलं. गाठ काढून परत आली, तिच्या मधे खड्डा आहे, आजूबाजूच्या पापण्यांचे केस गळलेत, आणि आईचं वय बघता हे साधं वाटत नाही, म्हणाल्या. पापणीचा कॅन्सर असू शकतो. आधी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. तसं निघालं तर पापणीचा बराच भाग काढावा लागेल, खालच्या पापणीचा तुकडा वर लावून नवी करावी लागेल, आणि तो जीव धरेपर्यंत डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवावा लागेल.

मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. दुसरा डोळा चालत नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नंतरही हा डोळा पहिल्यासारखा राहील याची खात्री मी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण जीव आधी बघायला लागेल, ताई."

बाजूला घेऊन सांगितलं म्हणून काही होत नाही, आईचे कान शाबूत आहेत. मुरबाडच्या गाडीत तिनं विचारलं, "शिवतील म्हंजे, सुईदोऱ्यानं?"

"हो."

"किती दिस?"

"काही आठवडे, म्हणाल्या. अजून काही ठरलं नाही गो. मी आहे, काकू आहे."

"काकू लेकीकडं जाती मधीच. तुला शाळा हाय," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून बाहेर बघत बसली.

त्यानंतरच्या शनिवारी मी किन्हवलीला गेले आणि मागच्या दारातून बाहेर पडताना पोटाला दोरी लागली. निळी, नायलॉनची. मागच्या दाराच्या चौकटीपासून जांभळीच्या खोडाला आणि तिथून परसातल्या संडासाच्या दारापर्यंत ताणलेली, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.

"हे काय मधेच?"

"कपड्यांना," आई म्हणाली.

"इतक्या खाली?"

"वर हात पोचत नाय माझा."

मला राग आला. कपडे ती आयुष्यभर कुंपणावर टाकत आली. त्या दोरीवर मी कधी एक पोलकंसुद्धा बघितलं नाही, पण पाण्याची बादली घेऊन येता-जाता ती मला दर वेळी आडवी यायची. तिच्यावर जागोजाग गाठी मारलेल्या. घरातही काहीतरी चाललं होतं. मिठाच्या बरणीला चिंधी बांधलेली, साखरेच्या डब्याला सुतळी. माचिस देवळीतून निघून चुलीच्या उजव्या कोपऱ्यात गेलेली. मला चहा करताना काही सापडेना. मी चिडून म्हटलं, "एका जागी ठेवत जा ना वस्तू!"

"एकाच जागी ठेवलंय," ती म्हणाली.

म्हातारपण, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं. माझ्याजवळ तेव्हा दुसऱ्या कशाला जागा नव्हती. मी जाताना, येताना, फळ्यावर बेरजा लिहिताना एकच विचार करायची, कॅन्सर निघाला तर. भाऊ फोनवर रडला. मी त्याला समजावलं आणि मग मला राग आला की मला समजावायला कोणी नाही. असे ते दिवस होते. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

तुकडा काढायची तारीख मिळाली आणि तिच्या चार दिवस आधी आमच्या भावकीतला एक म्हातारा वारला. सख्खा नाही, लांबचा, पण आडनाव एक म्हणून सुतक सगळ्या आळीला. हा माणूस जन्मभर बांधावरून भांडला. कोणाच्या शेताला सुखासुखी पाणी जाऊ दिलं नाही, लहानपणी आम्हाला त्याच्या आंब्याखालून हाकललं. मेला तोही आमच्या तारखेच्या तोंडावर. आई म्हणाली, सुतकात कसं जायचं? मी म्हटलं, डॉक्टरला सुतक नाही, ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल देव जाणे. गपचूप यायचं.

त्या दिवशी सकाळी मी पोचले तर ओट्यावर नवरी नव्हती. तेलाविना भुरभुरलेले केस, रोजचं विटलेलं लुगडं. आणि आई चक्क काकूची विनवणी करत होती. हातात राखेची वाटी.

"एवढा एक काढ गो. कोण बगतंय?"

"सुतकात केस काढत नायत, वयनी. दहावं हूदे, मंग काढते," काकू हात मागे बांधून उभी.

"दहाव्याला काय करू? आज जायाचंय."

मी विचारलं, "कसला केस?"

आईनं झटकन पदर तोंडावर ओढला. मला वाटलं हनुवटीवरचा. म्हाताऱ्या बायकांना येतात तसे दोन-चार तिलाही आहेत आणि तिला त्यांची लाज वाटते. मी म्हटलं, "राहू दे गो, डॉक्टर काय तुझी हनुवटी बघणार आहेत?" आणि तिला दंडाला धरून निघाले. काकू मागून म्हणत होती, माझ्यावर बोल नको गो ठेवू, रीत हाय ती.

गाडीत पूर्ण वेळ आईनं डोळ्यावर पदर धरला. मला वाटलं, रडतेय. मी विचारलं नाही.

मॅडमनी पदर काढायला लावला. यंत्रावर हनुवटी टेकवली, दिवा लावला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. दिव्याची पातळ रेघ आईच्या पापणीवर पडलेली मला दिसत होती. मग त्या म्हणाल्या, "आजी, हा केस कधीपासून आहे?"

आईचा हात पदराकडे गेला.

"आजी, या गाठीतून केस आलाय. मागच्या वेळी नव्हता."

"व्हता," आई यंत्रावरूनच म्हणाली. "जावेनं काढला व्हता."

"आणि त्याच्या आधी?"

"तवाबी काढला. दर टायमाला काढती ती. राख लावून वढला की येतो. मंग परत उगवतो."

मॅडम यंत्रामागून बाहेर आल्या. "अहो, पण का काढता?"

"मंग काय तसंच यायचं तुमच्याकडं?" आई आता खरोखर चिडली होती. "पापणीवर मिशी घिऊन?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा बघितलं, मग मलाही बघायला लावलं. दिव्यात ती गाठ मोठी आणि ओळखीची नसलेली दिसत होती. मधल्या खड्ड्यातून एक नव्हे, तीन-चार केस एकत्र बाहेर आलेले. पांढरे, कापसाच्या वातीला तंतू सुटतात तसे बारीक. मॅडमनी आतल्या खोलीतून त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी बघितलं, आईला विचारलं, दुखतं का, खाजतं का, रक्त येतं का. सगळ्याला "नाय." मग दोघं इंग्रजीत बोलले. इंग्रजी मी शिकवते, पण पहिली ते चौथीचं. एक लांबलचक नाव मला कळलं नाही. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा मात्र मला कळला. तो सैल झाला होता.

मॅडमनी समजावून सांगितलं. ही केसाच्या मुळाची गाठ असावी. क्वचितच दिसते, त्यांनी स्वतः पुस्तकातच बघितली होती. ती पसरत नाही, जिवाला काही करत नाही. तिची खूण म्हणजे मधल्या खड्ड्यातून येणारा हा पांढऱ्या केसांचा झुपका. केस उपटले की मागे राहतो नुसता खड्डा, शेजारच्या पापण्याही त्यातच निघाल्या असतील, आणि नुसता खड्डा असलेली गाठ त्या दुसऱ्या वाईट गाठीसारखी दिसते. "मी नुसतं बघून शंभर टक्के सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता तुकडा नको. ही एवढीच गाठ मुळासकट काढू आणि सगळी तपासायला पाठवू. रिपोर्ट आला की मग बोलू."

काढायला फार वेळ लागला नाही. बारीक टाके पडले. आईनं एकच गोष्ट मागितली, पट्टी नको. मॅडमनी मलम लावून डोळा उघडा ठेवला.

परतीच्या गाडीत माझा बांध फुटला. "वर्षभर! वर्षभर मी तुला घेऊन गावं फिरतेय, रजा संपल्या, भाऊ तिकडे रडतोय, आणि तू दर वेळी घरून केस उपटून येतेस? कोणाला सांगायचं नाही?"

"विचारलं काय कोणी?" आई म्हणाली. "गाठ बगायला गेलो व्हतो. त्यांनी गाठ बगितली."

मला हसू यायला लागलं, आणि मग हसताना डोळ्यांतून पाणी. शेजारचा माणूस सरकून बसला. आई म्हणाली, "डॉक्टरसमोर घाणेरडं जाऊ नये गो. तुझीबी लाज जाती." भावकीतला तो म्हातारा मला आठवला. जन्मात कोणाच्या उपयोगी पडला नाही, आणि मेल्यावर आमच्या आईची पापणी सोडवायला निघाला होता. निदान तसं वाटत तरी होतं. अजून रिपोर्ट यायचा होता.

त्या दिवसांचं काय सांगू. मी शाळेत गेले, आले, जेवले. फोन वाजला की हातातला खडू टाकून घ्यायची आणि दर वेळी भाऊच असायचा.

रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. मॅडमनी पाकीट उघडून वाचलं आणि आधी हसल्या, मग सांगितलं. तीच गाठ होती. साधी. ट्रायकोफॉलिक्युलोमा असं नाव, त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं. पूर्ण निघालीय. आणखी काही कापायचं नाही, शिवायचं नाही. मी थँक्यू म्हणायचं विसरले आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. आनंद झाला का? झाला असणार. मला फक्त झोप आली.

दुपार कलताना किन्हवलीला पोचले. आई पुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे शिवनार नाय?"

"नाही."

"डोळा ऱ्हानार?"

"राहणार गो. काही होत नाही त्याला."

तिनं हात जोडले की नुसते झटकले ते मला कळलं नाही. उठली आणि घरातून सरळ मागच्या दारानं बाहेर गेली. मला वाटलं, काकूला सांगायला. थेंब अजून सुरू ठेवायचेत हे सांगायचं होतं म्हणून मी मागोमाग गेले.

ती चौकटीशी उभी राहून निळ्या दोरीची गाठ सोडवत होती. गाठ उन्हानं आवळून बसलेली, नखानं निघेना. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोयता आण गो."

मी कोयता आणायला वळले आणि थांबले. दोरी दारापासून सुरू होऊन जांभळीला वळसा घालून संडासाच्या कडीला संपत होती. आईच्या हाताच्या उंचीला. कपड्यांची नव्हतीच ती.

"कधी बांधलीस ही?"

"कल्याणवरनं आलो त्याच्या दुसऱ्या दिशी."

"आणि चालून बघितलंस?"

"रोज. डोळे मिटून. पयल्यांदा पडले जांभळीशी. मंग गाठी मारल्या, मंग जमलं." ती अजून नखानं खरवडत होती. "मिठाचं आन् साखरेचंबी जमलं. दूध तेवडं उतू जायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला शाळा हाय."

मी दोरी हातात धरली आणि डोळे मिटले. चालायला लागले. नायलॉन तळव्याला घासत होतं. एक गाठ लागली, आणि लगेच पायाखाली पायरी उतरली. पुढे दोन गाठी जवळजवळ लागल्या, आणि हात पुढे केला तर जांभळीचं खोड. मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही. पुढे जायचं धाडस होईना. संडासाचं दार नक्की किती लांब आहे ते मला माहीत नव्हतं.

"अगो, उभी काय ऱ्हायलीस," मागून आईचा आवाज आला. "अजून तीन गाठी हायत. मंग दार."